गौरीची नथ

सकाळपासून निवेदितानं चहाला तोंड लावलं नव्हतं, आणि लावावं तरी कसं? काल संध्याकाळी नागावच्या किनाऱ्यावर गौर बोळवली, घरी येऊन ती दागिने डब्यात ठेवायला बसली, तर नथ नाही. घरची असती तर एक वेळ गिळून टाकलं असतं. पण ती होती रुचिकाच्या, म्हणजे नणंदेच्या, सासूबाईंची. तुमच्या माहेरच्या गौरीला घाला हो, म्हणून त्या माउलीनं पनवेलहून विश्वासानं पाठवलेली.

गाद्या झटकल्या, फुलांच्या परड्या उलट्या केल्या. शेवटी माईंनी, निवेदिताच्या सासूबाईंनी, सरळ विचारलं, "तू काढलीस ना गं नथ?"

"काढली ना. नलूच्या ताटात ठेवली," निवेदिता पटकन बोलून गेली.

झालं! नलू त्यांच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या झाडायला आणि स्वयंपाकाला हात लावायला येते, निवेदिता लग्न होऊन यायच्या आधीपासून. काल आरतीचं ताट तिच्याच हातात होतं. माझ्या ताटात नथ नव्हती, एवढंच तिनं सांगितलं, तेही खाली बघून, आणि खाली बघितलं म्हणूनच लोकांचा संशय बळावला. रुचिकाचा नवरा स्वप्निल तर रात्री हटूनच बसला. उद्या जेवण झालं की मी अलिबागला पोलिसांत जातो, म्हणाला.

आता या घरची रीत अशी. गौर तेरड्याची. रोपांची जुडी बांधायची, तिला कागदाचा मुखवटा लावायचा, वर साडी नेसवायची. बोळवताना साडी, हार, बांगड्या घरीच उतरवायच्या, पण नथ नाही. माहेरवाशिणीला उघड्या नाकानं उंबरठ्याबाहेर कसं काढणार? नथ काढायची ती किनाऱ्यावर, शेवटची आरती झाल्यावर, घरच्या सुनेनं. मग मुखवट्यासकट तेरडा पाण्यात.

पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या निवेदिता ते सगळं आठवत राहिली. शेजारच्या मंडळाचा ताशा कान फोडत होता, माणसावर माणूस होतं, एक लाट आली ती थेट गुडघ्यापर्यंत. जुडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. दोन्ही हातांनी! मग नथेची तार वाकवली कोणत्या हातानं? ती उठूनच बसली. नवऱ्याला उठवून सांगावं असं वाटलं, पण त्याच्या खांद्याकडे नेलेला हात तिनं मागे घेतला.

उजाडल्यावर, विसर्जन झालंय तर मासळी बघून येते, असं सांगून ती घराबाहेर पडली आणि तडक श्रेयसकडे गेली. श्रेयसचा किनाऱ्यावर बनाना बोटीचा आणि जेट-स्कीचा धंदा. मुंबईचे लोक पाण्यात दंगा करतात आणि अंगठ्या, साखळ्या घालवून बसतात, म्हणून त्यानं धातू शोधायचं मशीन मागवलेलं. सोनं याच्या हातून सुटत नाही वहिनी, अशी त्याची बढाई. निवेदितानं त्याला खरं काय ते सांगितलं. माणूस मोठा बडबड्या, पण ऐकल्याबरोबर मशीन खांद्याला लावून निघाला.

ओहोटी लागली होती. काल गौर सोडली त्या जागेपासून त्यानं मशीन फिरवायला सुरुवात केली. ओल्या खाऱ्या वाळूत ते मेलं उगाचच किंचाळायचं. किंचाळलं की निवेदिता गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसायची. बाटलीचं झाकण निघालं. साडीची पिन निघाली. मग कुणीतरी समुद्राला वाहिलेली पाच-पाचची नाणी, मग एक जोडवं. कुणाचं असेल बिचारीचं! श्रेयसनं ते खिशात नाही टाकलं, बोटीच्या टपरीवर टांगून ठेवीन म्हणाला.

नथ सापडू दे, असं म्हणावं तर सगळ्यांसमोर आपली जीभ खोटी ठरणार. न सापडू दे म्हणावं तर नलूच्या दारात पोलीस. लाज वाटली तिला स्वतःची, की हा हिशेब आपण करतोय तरी कसा. आणि तिकडे ऊन चढत होतं, घरी जेवणाची पानं घ्यायची वेळ होत आली होती.

तेवढ्यात श्रेयसनं सुरूच्या झाडांकडे बोट केलं. समुद्रानं पहाटे परत आणून टाकलेलं निर्माल्य ग्रामपंचायतीच्या माणसांनी तिथं ओढून ठेवलं होतं, ट्रॅक्टर यायचा होता. हार, दुर्वा, केळीची पानं, आणि मरगळलेल्या तेरड्याच्या कितीतरी जुड्या. गावच्या साऱ्या गौरी एकाच ढिगात. श्रेयसनं मशीन वरून फिरवलं. एका ठिकाणी ते बारीक, सलग वाजत राहिलं.

निवेदितानं ढिगात हात घातला. हाताला ओला लगदा लागला. मुखवट्याचा अर्धा तुकडा होता तो, रंग विरघळलेला, आणि त्याच्या नाकात नथ तशीच अडकलेली. तार कुणी वाकवलीच नव्हती. म्हणजे ती काढलीच नव्हती.

ती तिथंच वाळूत बसली आणि रडली. श्रेयस बिचारा म्हणाला, एवढं काय वहिनी, कपाटात सापडली म्हणून सांगा, सगळेच सुटतील. तिलाही ते पटलं. घरी येईपर्यंत ती वाटभर तेच घोकत आली. कपाटात होती, साडीच्या घडीत होती. असं म्हटलं की नलूही सुटते आणि आपणही.

ओटीवर पाय ठेवला तर सगळे बाहेरच बसलेले. शेजारच्या नीराबाईही आल्या होत्या. आणि मधोमध नलू उभी. माईंच्या पुढ्यात रुमालावर सोन्याच्या दोन नव्या कोऱ्या कुड्या.

"कबूल केलंन हो शेवटी," माई म्हणाल्या. "नथ विकली म्हणते. तिच्या बदल्यात हे आणलंन."

कपाट, साडीची घडी, सगळं तोंडातल्या तोंडात विरलं. तिनं मूठ उघडली आणि मुखवट्याच्या तुकड्यासकट नथ कुड्यांशेजारी ठेवली.

"मी काढलीच नव्हती. किनाऱ्यावर निर्माल्यात सापडली," ती म्हणाली. "नलूच्या ताटात मी काही ठेवलं नव्हतं."

स्वप्निल दुसरीकडे बघायला लागला. रुचिकानं नथ उचलली आणि पदरानं पुसत राहिली. मग तू घेतली म्हणून का सांगितलंस, असं माईंनी नलूला विचारलं.

"पोरीचं लगीन ठरलाय," नलू म्हणाली. "दारात पोलीस आलं असतं तर सोयरीक मोडली असती. कुड्या काय, तिच्यासाठीच केलेल्या, पुन्हा करता येतात."

तिनं कुड्या उचलून रुमालात बांधल्या. माई तिला बस म्हणाल्या, खीर आहे म्हणाल्या. ती बसली नाही. तिनं ओटीवर नजर फिरवली.

"नीराबाय कवा गेल्या?"

कुणालाच माहीत नव्हतं. माई निवेदिताला सांगत होत्या तेव्हाच बाई उठल्या असणार, पुढचं ऐकायला थांबल्याच नव्हत्या. आणि नलूची पोर ज्या घरात द्यायची ते घर थळ गावचं, नीराबाईंच्या बहिणीच्या शेजारचं.

निवेदिता अनवाणीच धावत सुटली. गल्लीत पर्यटकांच्या गाड्या अडकलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत ती नीराबाईंच्या फाटकाशी पोचली. नीराबाई अंगणातल्या झोपाळ्यावर बसून फोनवर बोलत होत्या. निवेदिताला बघून त्यांनी फोनवर तळवा ठेवला.

"नथ मी विसरले होते, नीराबाई," निवेदिता धापा टाकत म्हणाली, गाड्यांतल्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "खोटं मी बोलले. नलू नाही."

"अगो, पण मी तर बहिणीला आत्ताच सगळं सांगून बसले," नीराबाई पुटपुटल्या.

"द्या तो फोन इकडे," निवेदिता म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. मुखवट्याचा लगदा अजून तिच्या बोटांना चिकटलेला होता.