पातेल्याला कान

दादा पुतळा पाहायला येणार, म्हणून शिल्पकार सकाळपासून मातीवरची ओली फडकी उगाचच बदलत होता. पुतळा गेलेल्या वहिनीचा होता. गिरणी बंद पडली त्या वर्षी एकाच पातेल्यातून आठ महिने अख्ख्या गल्लीला जेवू घालणारी बाई ती. चौकात जिथे तिची चूल होती, तिथेच तिला उभी करायची, असं गल्लीनं ठरवलं होतं. आई गेल्यावर याला भरवलं तेही तिच्याच हातांनी. ते हात घडवताना याचा हात कुठे अडला नव्हता.

उद्या ओतारी धातूच्या ओतकामासाठी साचा घ्यायला येणार. गल्लीनं होकार दिला होता, राहिला होता एकटा दादा. पण तिच्या नवऱ्यानंच ओळखलं नाही, तर चौकात उभं करायचं ते कोणाला?

दादा आला. पुतळ्याभोवती दोनदा फिरला. पातेल्यामागे उभी हसतमुख वहिनी पळी पुढे करून समोरच्याच्या डोळ्यांत बघत होती.

"छान आहे."

"छान तर तू शेजारच्यांच्या पडद्यांनाही म्हणतोस, दादा."

"मग काय म्हणू? हात तिचे, चेहराही तिचाच. पण घरी पाहुणी आल्यासारखं वाटतंय बघ."

"चुकलंय काय, ते तर सांग."

"ते कळत असतं तर पुतळे मीच केले असते, तुला कशाला शिकवलं असतं?"

शिल्पकार चहाकडे वळला. शेगडीवरचं भांडं उतरवणार, तोच मागून दादा म्हणाला, "थांब. झाला नाही अजून."

"झाकण आहे वर. तुला कसं कळलं?"

"आवाजावरून. तिनं लावलेली खोड." दादाची मान नकळत डावीकडे कलली होती. "एवढी माणसं जेवायची राहिलीत आणि आपण आधी चाखायचं, हे तिला कधी पटलं नाही. पातेल्याला कान द्यायची. खदखद थांबून रटरट लागली की मीठ. तेवढा वेळ आम्ही सगळे चिडीचूप."

शिल्पकार त्या कललेल्या मानेकडे बघत राहिला. मग त्यानं तार उचलली आणि वहिनीच्या गळ्याची माती सरळ कापली.

"अरे, अरे, काय करतोस?"

त्यानं आतला गज हळूहळू वाकवला. भजनात रंगलेल्या माणसाची मान आपसूक कलते, तशी ती मान पातेल्याकडे कलली. पापण्या खाली आल्या. हसू त्यानं अंगठ्यानं पुसून टाकलं. पुढे केलेली पळी मागे घेऊन काठाला टेकवली. देव भावाचा भुकेला म्हणतात. इथे तर भुकेल्यांत देव पाहणारी बाई मिटल्या ओठांनी उभी होती.

चहा आटून करपला. दादा जागचा हलला नाही.

"मग, ओताऱ्याला उद्या येऊ देऊ ना?" शिल्पकारानं विचारलं.

दादानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिला ऐकू दे."