एर्मेलिंदाबाईंचं सोंग

सकाळी साडेअकराच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं की लेखिका एर्मेलिंदा सारविसे वारल्या. बारा वाजता पेन्यासेका गावची जत्रा सुरू करणारा दारूचा बाण उडायचा होता.

बासिलिसा ओरोस तेव्हा बेकरीत भट्टीसमोर उभी होती. बातमी ऐकून तिने छातीवर क्रूस काढला, मग पाठ फिरवून हसली, आणि हसल्याबद्दल पुन्हा एकदा क्रूस काढला. पावांचा तवा तसाच टाकून ती एप्रनसकट रस्त्याने पळत सुटली. भेटेल त्याला सांगत गेली की बिचाऱ्या गेल्या हो. ती हे ज्या सुरात सांगत होती, त्या सुरात लोक सहसा मुलगा झाल्याचं सांगतात.

पेन्यासेकाच्या माळावर गहू धड येत नाही, पण लेखक येतात. मुसलमानी अमदानीत इथे एक हकीम होऊन गेला. तो रोग्याची नाडी धरून कविता करायचा आणि रोगी दगावला तर कविता शोकगीत म्हणून खपवायचा. पुढे एका जोगिणीने मठाच्या स्वयंपाकघरात देवाला लावणीसारखी गोड आर्जवं लिहिली आणि धर्मपीठाला तीन वर्षं घाम फोडला. तिच्यानंतर आला एक नाटककार. त्याच्या नाटकांवर माद्रिदने काकड्या फेकल्या आणि त्याने त्यांची कोशिंबीर केली. शेवटचा एक दुःखी कवी. प्रेमभंगामुळे त्याने स्वतःवर पिस्तूल झाडलं, नेम चुकला आणि घरमालकाचा आरसा फुटला. या चौघांची नावं बाकी देशात शाळेत पाठ करून घेतात. पेन्यासेकात त्यांना खांद्यावर घेतात.

कारण या गावाच्या जत्रेत राजा-राणीची सोंगं नसतात, लेखकांची असतात. दोन मजली उंच लाकडी सांगाडा, त्यावर कागदाच्या लगद्याचं डोकं, अंगात पायघोळ झगा आणि झग्याच्या आत घामाघूम माणूस. तो पोटाजवळच्या फटीतून बाहेर बघतो आणि सनईच्या तालावर सोंग गरागरा फिरवतो. शेवटी चर्चच्या चौकात सोंग वाकून नमन करतं. नमन झालं की ते सोंग गावाचं झालं.

यात एकच नियम आहे: जिवंत माणसाचं सोंग नाचवायचं नाही. कुणा एका नगराध्यक्षाने हौसेने स्वतःचं नाचवून घेतलं होतं. नमन झालं, टाळ्या पडल्या, आणि तो टाळ्यांना हात हलवत हलवत मागे सरकत विहिरीत गेला. तेव्हापासून गाव नमनाला मृत्यूचा दाखला मानतं. दुसरी बाजूही तितकीच कडक. नमन न करता खाली टेकलेलं सोंग अपशकुनी. ते नदीकाठी नेऊन जाळतात.

एर्मेलिंदाबाईंचं सोंग मात्र आधीच तयार होतं. तीन वर्षांपूर्वी त्या इस्पितळात होत्या, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि डोकी घडवणारा म्हातारा मूर्तिकारही थकत चालला होता. गावाने सोयीचा विचार केला. मूर्तिकाराने घाईघाईने डोकं पुरं केलं आणि तो स्वतःच गेला. बाई उठून बसल्या आणि त्यांनी आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. सोंग जुन्या धोबीघराच्या कोठीत चादरीखाली वाट बघत राहिलं.

त्याच्याबरोबर बासिलिसाही वाट बघत राहिली. सोंग बायकांनी उचलायचं नाही असं सोंगवाल्यांच्या मंडळात चालत आलेलं. पण हे सोंग एकाही पुरुषाला नको होतं. बाईंनी माद्रिदला बसून आयुष्यभर या गावावरच लिहिलं आणि प्रत्येकाच्या आजोबाला काही ना काही नाव ठेवलं. म्होरक्या बेनिग्नो लारास याच्या आजोबांना तर त्यांनी ‘पाणी न लागलेला भोपळा’ म्हटलं होतं. त्या बाईच्या झग्यात शिरण्यापेक्षा मी बैलाच्या पोटात शिरेन, असं बेनिग्नो म्हणाला. मग बासिलिसाला होकार मिळाला, अटीवर. पहिल्या नाचात सोंग पडलं, टेकलं, जळलं, तर पुन्हा बाईच्या खांद्यावर सोंग नाही; तिच्याही नाही आणि तिच्यानंतर कुणाच्याही नाही. बासिलिसाने दोन हिवाळे कोठीचं दार लावून सराव केला. आतून धप्प धप्प आवाज येई आणि बाहेर लोक म्हणत, बाई जिवंतपणीच उठल्या.

बाण उडाला. सिप्रिआनोने सनई ओठांना लावली आणि एर्मेलिंदाबाईंचं सोंग पहिल्यांदा उन्हात आलं. हातभर नाक, हिरवा झगा, कानांत ताटल्यांएवढे डूल. बासिलिसाने पहिली गिरकी घेतली आणि गाव भोवती विरघळलं. फटीतून सज्जे गेले, द्राक्षाचा वेल गेला, तोंड उघडं टाकलेला औषधवाला गेला, पुन्हा सज्जे आले. खांद्यावर पट्टा करकचत होता, पण वजन म्हणून काही जाणवत नव्हतं. लोक हसत होते, रडत होते, वरून द्राक्षं फेकत होते. ज्यांच्या आजोबांना बाईंनी गाढव म्हटलं होतं तेही टाळ्या पिटत होते. मेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं. तिला वाटलं, असंच फिरत राहावं, चौक येऊच नये.

चौक आला, आणि त्याच वेळी चौकात एक टॅक्सी आली. मागचं दार उघडलं. काठी बाहेर आली, मग बाई.

टाळ्या बंद पडल्या. सनई तेवढी चालू होती, कारण सोंग फिरत असताना सनई थांबत नाही.

एर्मेलिंदाबाईंनी काठी टेकून मान वर केली आणि बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की हे नाक कुणाचं. मग त्यांनीच उत्तर दिलं, की हे त्यांच्या थोरल्या मावशीचं आहे आणि तिला त्या लहानपणापासून ओळखतात.

खुलासा नंतर टॅक्सीवाल्याने केला. बाई जिन्यावरून घसरल्या होत्या. डॉक्टरने त्यांचे मिटलेले डोळे पाहिले, बातमीदाराने डॉक्टरचा चेहरा पाहिला. इस्पितळातून सुटून बहिणीकडे जाताना बाईंनी टॅक्सीतच आपली बातमी ऐकली आणि गाडी पेन्यासेकाकडे वळवायला सांगितली. आपलं सोंग करतात की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

बेनिग्नोचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो झग्याला लागून चालत फटीशी बोलू लागला. सोंग टेकव, ताबडतोब टेकव, बाई जिवंत आहेत. बासिलिसाने आतून विचारलं, टेकवलं तर जाळणार ना. बेनिग्नो म्हणाला, नियम तो नियम. आणि नमन केलं तर? बेनिग्नोने बाईंकडे पाहिलं, चौकातल्या विहिरीकडे पाहिलं, आणि नमनाचं नावही काढू नकोस म्हणून हात जोडले.

बासिलिसा फिरत राहिली. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इतक्यात काठीच्या टोकाने झग्याची फट कुणीतरी रुंद केली आणि एक सुरकुतलेला डोळा आत आला.

“कोण गं तू माझ्या पोटात?”

“बासिलिसा, बाई. ओरोस बेकरीतली.”

“फाउस्तोची नात? त्याला मी काय म्हटलं होतं?”

“लंगडा बोकड.”

“मग? घरात चिडले होते?”

“आजोबांनी त्या पानाला चौकट करून भट्टीच्या वर लावलंय. पाव न्यायला येणाऱ्याला आधी ते वाचावं लागतं.”

डोळा क्षणभर नाहीसा झाला. बाई बाहेर हसत होत्या. मग डोळा परत आला. बासिलिसाला धाप लागली होती, तरी तिने गिरक्यांच्या मधूनमधून सगळं सांगितलं. टेकवलं तर हे जळणार, आणि मग पुन्हा कुठल्याच बाईला सोंग मिळणार नाही. नमन केलं तर तुम्ही विहिरीत. बाई सोंगाबरोबर तुरुतुरु गोल चालत ऐकत होत्या.

“मला काही विहिरीत जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “एक पुस्तक अर्धं राहिलंय. पण जळायचंही नाही, हे मावशीचं नाक असलं तरी. तू नमन करू नकोस. आणि थांबूही नकोस.”

“किती वेळ, बाई?”

“ते मला काय विचारतेस, पोरी. गेली तीन वर्षं मी तेच करतेय.”

बेनिग्नोने हरकत घेतली, की नियमात असं कुठे बसत नाही. बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तू भोपळ्याचा नातू. तुला बरं पाणी लागलंय.” लोक इतके हसले की सिप्रिआनोचा सूर चुकला, आणि त्या चुकीवर सोंगाने एक ज्यादा गिरकी घेतली.

बासिलिसाचे पाय मात्र खरंच चालेनासे झाले होते. झगा एका बाजूला कलला. गर्दी एका श्वासात मागे सरकली. तेवढ्यात औषधवाला चष्मा खिशात घालून झग्याखाली शिरला. याच्या आजोबांना बाईंनी ‘बाटलीतला विंचू’ म्हटलेलं. पट्टा तिच्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर गेला, सोंग हिंदकळलं, पण टेकलं नाही. बासिलिसा लाल चेहऱ्याने बाहेर आली, घागरभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं, आणि औषधवाला पुरेसा फिरल्यावर पुन्हा आत गेली. त्याच्यानंतर ‘गाढव’ वाल्यांचा थोरला आला. पाठोपाठ धाकटाही आला, कारण थोरल्याला नीट जमत नव्हतं असं त्याचं म्हणणं पडलं.

चौकात विहीर असल्यामुळे बाईंना तिथे चैन पडेना. म्हणून सोंग वळलं आणि पुलाच्या दिशेने निघालं. पुलापलीकडे वाल्देलानो गाव, आणि तिथे लेखक नसल्यामुळे लेखकांचे नियमही नाहीत. पुढे सनई, मागे सोंग, त्याच्या मागे काच खाली केलेली टॅक्सी. खिडकीतून बाई तालात काठी आपटत होत्या आणि मध्येच, डावीकडे कलतेय मी, असं ओरडून सांगत होत्या. हकीम, जोगीण, नाटककार आणि दुःखी कवी चौकात नमन करून उभे होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बेनिग्नोने मंडळाची तातडीची बैठक बोलावली. बैठकीला तो आणि पाद्री असे दोघेच हजर होते. पाद्री म्हणाला, यावर धर्मात काही लिहिलेलं नाही, आणि खिडकीतून बघत बसला.

संध्याकाळी वाल्देलानोहून एक मेंढपाळ आला. त्याने सांगितलं की सोंग तिथल्या दारूच्या तळघरांसमोर फिरतंय, गावकऱ्यांनी सिप्रिआनोला बसायला पिंप दिलंय, आणि आत पुन्हा ती बेकरीवालीच आहे. नमन झालेलं नाही. रेडिओने बातमी अजून मागे घेतलेली नाही. बेनिग्नो बैठक अर्ध्यावर सोडून पुलाकडे गेल्याचं पाद्रीने पाहिलं. जाताना तो बाह्या वर सारत होता.