कोरड्या डब्यातली राख

रुचिकाने पडवीत दोन रंगांचे डबे आणून ठेवले, त्या दिवसापासून पवनीच्या त्या विणकराच्या घरात दोन जावांची रोज खडाजंगी सुरू झाली. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात कोरडा. ओल्याचं परसातल्या ड्रममध्ये खत व्हायचं, कोरडा नगरपालिकेची घंटागाडी न्यायची. एवढं समजायला काही वकील लागत नाही. पण धाकटी जाऊ हे अशा थाटात समजावून सांगायची, जणू खत म्हणजे काय ते तिच्या माहेरच्या, जवाहरनगरच्या क्वार्टरबाहेर कोणाला ठाऊकच नव्हतं. थोरली सुंदरबाई आसगावची, धानाच्या घरची. तिच्या बापाच्या खड्ड्यातून दरसाल चार बैलबंड्या भरून खत निघायचं. तिने ही शिकवणी कशी सोसावी?

खरं भांडण डब्यांचं नव्हतंच. पहिला ड्रम भरला होता, दुसऱ्याला जागा हवी होती आणि रुचिकाचा डोळा होता परसातल्या चुलीच्या कोपऱ्यावर. घरात गॅस असताना चूल कशाला, असं ती येता-जाता बोलायची. त्या चुलीवर सुंदरबाई सासऱ्यांच्या हातमागावरच्या ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, तांदळाची खळ शिजवायची. सासरे वासुदेवराव म्हणायचे, सुंदरच्या खळीशिवाय धागा ताठ उभा राहत नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या मालकीचं म्हणावं असं काय होतं? फ्रिज रुचिकाचा, पडदे रुचिकाचे, नवी फरशी रुचिकाच्या पसंतीची. तिचा तो तेवढा कोपरा होता, आणि तो ती जीव गेला तरी सोडणार नव्हती.

राख आधी ड्रममध्ये जायची. रुचिकाने ते बंद केलं. राखेने गांडुळं मरतात म्हणे. मग राख निळ्या डब्यात. सुंदरबाईने तसंही केलं. पण लहानपणापासूनच्या सवयीने राखेवर आधी तांब्याभर पाणी ओतलं, कारण गोवरीचा निखारा राखेखाली तासन् तास जिवंत राहतो. डब्यातल्या रद्दीचा पार लगदा झाला आणि गाडीवाल्याने अख्ख्या गल्लीसमोर तो डबा रुचिकाच्या हातात परत दिला.

ती फणफणत आत आली. "ताई, कोरडा डबा म्हणजे कोरडा! ओली राख काहून टाकली त्याच्यात?"

"राख भिजवूनच टाका लागते. विस्तू राहते तिच्यात."

"मले नका शिकवू. उद्या डब्यात एक थेंब जरी पाणी दिसलं ना, तं तुमची चूलच फोडून टाकीन."

सुंदरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूल फोडीन? काल आलेली पोरगी, आणि तिने असं तोंडावर बोलावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चुलीतली राख घमेल्यात काढली. हातात पाण्याचा तांब्या घेतला. क्षणभर थांबली आणि तांब्या तसाच खाली ठेवला. "कोरडी पाह्यजे ना तुले? घे कोरडी," असं पुटपुटत तिने राख निळ्या डब्यात ओतली. आत निखारा असू शकतो हे तिला कळत नव्हतं असं नाही. फार तर प्लास्टिकचा डबा वितळेल, बाईसाहेबांची चांगली जिरेल, एवढाच तिचा हिशेब. मग ती भाजी आणायला बाजारात गेली.

डब्यात रद्दी होती, वासुदेवरावांनी टाकलेले सुताचे गुंते होते आणि डबा पडवीतल्या हातमागापासून हातभरावर होता. नेमके तेव्हा सासरे टपरीवर चहा प्यायला गेलेले. सुंदरबाई परतली तेव्हा शेजारीपाजारी बादल्या घेऊन पडवीत उभे होते. मागाचं लाकूड वाचलं, नुसतं काळं पडलं होतं. पण बारा दिवस खपून लावलेला ताणा आणि अर्धं विणून झालेलं कोशाच्या रेशमाचं लुगडं, सगळं जळून गेलं होतं. म्हातारा मागासमोर उकिडवा बसून जळक्या धाग्यांची टोकं बोटांनी चाचपत होता.

तिचा नवरा परसराम ओरडला, "डब्यात राख कोणं टाकली?"

"मी."

"न भिजवता? तू?"

सुंदरबाईने रुचिकाकडे पाहिलं. रुचिकाने फक्त एवढंच म्हणायचं होतं, की पाणी नको असं मीच म्हटलं होतं. रुचिकाचा चेहरा उतरला होता. ओठ हलले.

"मी तं डबा कोरडा ठेवा म्हटलं होतं," ती म्हणाली. "राखेत विस्तू राहते हे मले काय माहीत?"

असं धडधडीत खोटं! सुंदरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचं सगळं बोलणं तिच्या ओठांवर आलं. पण ते सांगायचं, तर तांब्या हातात घेऊन खाली का ठेवला तेही सांगावं लागलं असतं. 

"उद्याच्या उद्या ती चूल निघाली पाह्यजे," परसराम म्हणाला.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी बावीस वर्षं धूर खाल्ला, त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याच्या ओरडण्यापेक्षा तिला ते जास्त लागलं.

ती परसात गेली, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि चुलीवर घातली. रुचिका मागून धावत आली. "ताई, राहू द्या. मी भाऊजीले समजावून सांगीन."

"हात नको लावू!" दुसऱ्या घावाला चूल फुटली. सुंदरबाईने घाम पुसला आणि फक्त रुचिकाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "राख मी जाणूनबुजून टाकली. अन् कोणाच्या बोलण्यावरून टाकली, हे तुले माहीत हाय. मी कोणाले सांगणार नाही, तू बी सांगणार नाहीस. पण याच घरात दोघी म्हाताऱ्या होऊ, अन् रोज एकमेकीचं तोंड पाहू."

 चुलीच्या जागी दुसरा ड्रम कधी आलाच नाही. तो आणायची रुचिकाची छाती झाली नाही.