शांततेच्या दालनातला फोटो

आमच्या नगरपालिकेला इतिहासाचा उमाळा येतो तो फक्त निवडणुकीच्या वर्षी. यंदा त्यांनी जुन्या शहराचे फोटो मांडले. डावीकडच्या दालनात देशातलं यादवी युद्ध, उजवीकडच्या दालनात शांतता. जणू गावातली माणसं पाय पुसून एकातून दुसऱ्यात गेली होती.

शांततेच्या दालनात सगळ्यात मोठा फोटो माझ्या थोरल्या बहिणीचा होता. एंग्रासिया तेव्हा एकोणीस वर्षांची. जूनच्या उन्हात ती आणि आणखी चौघी, डोक्याला घट्ट रुमाल बांधून, सांता मारिया चर्चच्या पायऱ्या घासताहेत. खाली ओळ होती: 'शांतता परतली. पायऱ्या धुणाऱ्या भाविक स्त्रिया, १९३९.' उचलली जीभ, लावली टाळ्याला.

म्हणे भाविक! त्या रुमालांखाली एकीच्याही डोक्यावर केस नव्हता. जिंकलेल्यांनी भर चौकात पाचही जणींची डोकी भादरली, वाटी वाटी एरंडेल पाजलं आणि बँड वाजवत गावभर फिरवलं. पोटात कळा येऊन त्या चर्चच्या पायऱ्यांवरच बसल्या, तेव्हा त्यांच्याकडूनच त्या घासून घेतल्या. एंग्रासियाचा गुन्हा काय, तर हरलेल्यांचा झेंडा तिने शिवला होता. ती शिवणकाम करायची. कुणी आणून दिलं ते शिवायची.

साठ वर्षांनी उद्‌घाटनाला तिलाच बोलावलं. नगरसेवक एलादियोने तिचा हात धरून तिला फोटोपुढे उभं केलं. "ह्या दोन्या एंग्रासिया! आमच्या शांततेचा चेहरा!" 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, मान द्यायचा असला की म्हणतात. टाळ्या पडल्या. माझं डोकं भडकलं.

"चल घरी," मी तिच्या कानाशी म्हणाले. "या मूर्खांशी कशाला डोकं फोडायचं?"

"साठ वर्षं घरीच होते की गं. ती ओळ बदलल्याशिवाय मी हलत नाही." मग ती वळली. "एलादियो, लेका, हे खालचं कुणी लिहिलंय?"

"मीच! आवडलं?"

"आम्ही रुमाल का बांधलेत रे?"

"श्रद्धा, दोन्या! नाहीतर आजकालच्या मुली बघा..."

"टकलं झाकायला बांधलेत. तुझ्या आजोबांनी भादरलं आम्हाला. आपल्या न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची चौकात आणली होती. वस्तरा बोथट होता आणि हात हसून हसून हलत होता."

सगळ्यांना एकदम छत बघण्यात रस वाटायला लागला. त्यातल्या एकाही म्हाताऱ्याला हे नवीन नव्हतं. आमची माणसं सगळं जाणतात आणि वाइन पितात.

एलादियो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "चूक झाली, दोन्या. आत्ताच्या आत्ता हा फोटो युद्धाच्या दालनात हलवतो. युद्ध म्हटलं की काय, दोन्ही बाजूंनी असलं..."

"हात लावू नकोस त्याला." एंग्रासियाचा आवाज मुळीच चढला नव्हता. "लढाई एप्रिलात संपली. हा फोटो जूनचा. ही तुमची शांतताच आहे, ती इथेच लटकू दे. खाली फक्त खरं लिही."

तिने खुर्ची ओढली आणि फोटोखाली ठाण मांडून बसली. ती उठत नाही हे बघून शेवटी एलादियोने खिशातून पेन काढलं.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"आधी आजोबांचं नाव."