सोळा मायक्रॉनचा फरक

रामरावांच्या भोक मोजायच्या बोअर गेजवर अठरा येत होते आणि देवानंदच्या यंत्रावर चौतीस. त्याने दुसरा नग घेतला. रामरावांचे पंधरा, यंत्राचे एकतीस. तिसऱ्या नगातही सोळाचाच फरक. दोघांनी एकच भोक मोजले होते. आकडे मात्र दोन होते, आणि ते एकमेकांपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर उभे होते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात बेअरिंग ज्यात बसते ती घरे बनत. घराचे भोक बासष्ट मिलिमीटरचे असायचे आणि त्यावर शून्य ते तीस मायक्रॉनची सूट असायची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भोक बासष्टच्या वर चौतीस मायक्रॉन भरले म्हणजे नग बाद. पुण्याच्या गिऱ्हाइकासाठीचे सहाशे नग पेट्यांत भरून तयार होते. जुने तपासनीस रामराव, सगळ्यांचे मामा, यांनी ते गेजने तपासून पास केले होते. ट्रक चार वाजता निघणार होता आणि त्याआधी सीएमएमच्या अहवालावर देवानंदची सही हवी होती. गिऱ्हाइकाने या वेळी तशी अटच घातली होती.

सीएमएम हे नवे मापयंत्र कारखान्यात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. काळ्या ग्रॅनाइटचे टेबल, त्यावर सरकणारा पूल आणि पुलाला लोंबणारी सुई. सुईच्या टोकाला माणकाचा इवलासा मणी होता. मणी वस्तूला टेकला की संगणक त्या जागेची नोंद घेई. कुठे, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने टेकायचे ते देवानंदने प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचे. टेंभुर्णीचा, डिप्लोमा झालेला हा तरुण त्यासाठी पुण्याला आठ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आला होता. तिथला प्रशिक्षक भराभर बोलत असे आणि देवानंद भराभर उतरवून घेत असे. त्याच्या वहीतली तिसरी पायरी अशी होती: ‘रोज सकाळी मास्टर गोळा मोजणे. आकडा पाहणे. पुढे जाणे.’ मास्टर गोळा हा टेबलावर दांडीवर बसवलेला, ठाऊक मापाचा चकचकीत गोळा. त्याच्यावर टेकून यंत्र आपल्या सुईचे माप ओळखते, एवढे त्याला समजले होते. आकडा कोणता आणि तो किती असला म्हणजे पुढे जायचे, हे विचारायचे मात्र राहून गेले होते.

गुणवत्ता विभागाचे प्रमुख काकासाहेब सकाळीच येऊन गेले.

“यंत्र काय म्हणतंय?”

“चौतीस, साहेब.”

“मग मामांचा हात म्हातारा झाला म्हणायचा.” ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “सही कर. लॉट थांबवू. आणि मामांना उद्यापासून स्टोअरला पाठवू. उरलेली दोन वर्षं तिथं निवांत काढतील.”

“साहेब, थोडा वेळ द्या. माझ्या प्रोग्राममध्येच चूक असेल.”

“लाखांचं यंत्र आणि तुझी शंका! तीन वाजेपर्यंत दिला वेळ.”

देवानंदने प्रोग्राम पुन्हा उघडला. भोकात चार ठिकाणी टेकायचे होते, त्याने आठ केले. चौतीस. बाराही करून पाहिले. चौतीस. आधी वरची पातळी घेऊन मग भोक घ्यायचे, की आधी बाजू घ्यायची? त्याने क्रम बदलला, तरी आकडा हलला नाही. नग गरम असेल म्हणावे, तर तो काल संध्याकाळपासून याच वातानुकूलित खोलीत पडून होता. पुण्यात शिकताना प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर होते. इथे प्रश्न कोणता आहे हेच कळत नव्हते.

रामराव दाराशी चपला काढून आत आले. हातात लाकडी डबी होती. डबीत बासष्ट मिलिमीटरची मास्टर रिंग होती, जिच्यावर ते रोज सकाळी आपले गेज शून्यावर आणत.

“मामा, ही रिंग यंत्रावर मोजू का?”

“मोज की. बराबर बासष्ट भरंल. सर्टिफिकेट हाय तिचं.”

रिंग मोजली. पडद्यावर बासष्ट आणि वर सोळा मायक्रॉन उमटले.

देवानंदला आधी हायसे वाटले. रिंग खरी असेल तर यंत्रच सोळा जास्त दाखवते आहे. पण दुसऱ्याच क्षणी त्याला उलटे दिसू लागले. सर्टिफिकेट अकरा वर्षांपूर्वीचे होते. अकरा वर्षे रोज गेज आत फिरवून रिंग सोळा मायक्रॉनने झिजली असेल, तर तिच्यावर शून्य केलेले गेज प्रत्येक भोक सोळा कमीच दाखवणार. म्हणजे यंत्र चुकले असले तरी हाच आकडा येणार आणि रिंग झिजली असली तरी हाच. पुरावा म्हणून जे हाती धरावे ते दोन्ही बाजूंनी बोलत होते. त्याने हे रामरावांना दोनदा समजावले. दुसऱ्यांदा समजावताना तो स्वतःच अडखळला.

रामराव बराच वेळ रिंगेच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“झिजली बी असंल. मला काय म्हाईत? मी तिच्यावर भरवसा ठिवून मोजून राह्यलो, तिला कोन मोजनार?” मग हलक्या आवाजात म्हणाले, “टाक सही. तुझी नवी नौकरी हाय. माझ्यापायी तू कशाला खोटा ठरतो?”

याच माणसाने कामावरच्या पहिल्या आठवड्यात त्याला गेज हळू डोलवायला आणि काटा जिथून उलटा फिरतो ती जागा पकडायला शिकवले होते. देवानंदने पेन उचलले आणि खाली ठेवले.

अडीच वाजले. सुचत काहीच नव्हते, म्हणून तो यंत्राची नोंदवही चाळू लागला. मास्टर गोळा मोजल्यावर पडद्यावर जे जे येई ते सगळे तो रोज सकाळी इमानाने उतरवत असे. शेवटच्या रकान्यात एक लहान आकडा असे. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, तरी रकाना रिकामा ठेवणे त्याला बरे वाटत नसे. शून्य दशांश शून्य शून्य एक. शून्य शून्य एक. शून्य शून्य दोन. पानामागून पान तसेच. आणि मग एकाएकी शून्य एक एक. दुसऱ्या दिवशीही तेच, त्यानंतरही तेच. चार दिवस त्याने हा आकडा पाहिला होता आणि वहीत सांगितल्याप्रमाणे पुढे गेला होता.

त्याने तारीख पाहिली. दसऱ्यानंतर कारखाना उघडला तो दिवस.

“मामा, खंडेनवमीला इथं पूजा झाली होती ना?”

“झाली म्हंजे? सगळ्या मशिनींची झाली. तू भाईर गेल्तास न्हाई का.”

तो बाहेर गेला होता हे खरे. बौद्ध घरातल्या देवानंदला पूजेत उभे राहायचे नव्हते आणि कोणाला दुखवायचेही नव्हते. म्हणून तो चहाच्या टपरीवर तासभर बसून राहिला होता. सुट्टी संपल्यावर येऊन त्याने टेबलावरची झेंडूची फुले उचलली होती आणि सगळे कोरड्या कापडाने पुसले होते.

“यंत्राला हळदकुंकू कुठं लावलं?”

“पोरं म्हनली, मामा तुमीच लावा, तुमी वडील. मी बघितलं, हत्यार कंचं म्हनावं हिच्यात? टेबल तर दगूड. मंग हा गोळा दिसला. देवावानी बसलेला. त्यालाच लावलं.”

“कोणत्या बाजूनं?”

“दाराकडनं. तिकडंच उभा होतो ना मी.”

देवानंद बसायचा ती बाजू दाराच्या विरुद्ध. गोळ्याची दाराकडची बाजू त्याला जागेवरून कधी दिसतच नव्हती. त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि त्या बाजूने फिरवला. बोळा पिवळा झाला.

हळदीच्या त्या वाळलेल्या पापुद्र्यामुळे यंत्राने आपल्या मण्याचे माप चुकीचे धरले होते आणि प्रत्येक भोकात ती चूक मिळवली होती. देवानंदने गोळा पुन्हा मोजला. शेवटचा आकडा शून्य शून्य एक आला. मग त्याने पहिला नग लावला. एकवीस. सगळ्यांत मोठे भोक असलेला नग लावला. सत्तावीस. लॉट पास होता.

“एकवीस?” रामराव म्हणाले. “माझे तर अठरा.”

देवानंदने रिंग लावली. बासष्टवर तीन. म्हणजे रिंगही झिजली होती, पण तीनच मायक्रॉन. यंत्र तेराने चुकले होते आणि मामा तीनने. दोघेही चूक होते आणि माल चांगला होता. हे काकासाहेबांना कोणत्या शब्दांत सांगावे, ते त्याला उमगेना.

तीन वाजता काकासाहेब आले. देवानंदने नोंदवही पुढे ठेवली. “साहेब, चूक माझी. गोळा नीट पुसला नव्हता आणि चार दिवस आकडा पाहूनही मी पुढे गेलो.”

“गोळ्याला लागलं काय होतं?”

देवानंद काही बोलायच्या आत रामरावांनीच सांगितले, “हळद, साहेब. मीच लावल्ती.” आणि डबी पुढे केली. “ही रिंग बी तीननं झिजली. तपासायला पाठवा, नवीन सर्टिफिकेट येऊ द्या.”

काकासाहेबांनी एकदा डबीकडे आणि एकदा पिवळ्या बोळ्याकडे पाहिले. रागवावे की हसावे हे त्यांचेही ठरत नव्हते. “सही कर,” ते शेवटी म्हणाले, “ट्रक थांबलाय.” स्टोअरचा विषय त्यांनी काढला नाही.

सही झाल्यावर देवानंदने पुण्याची वही उघडली. तिसऱ्या पायरीतले ‘पुढे जाणे’ खोडून त्याने लिहिले: ‘आकडा शून्य शून्य दोनपेक्षा मोठा असल्यास पुढे जाऊ नये.’ दोनच का, तीन का नाही, हे त्याला अजूनही नीट ठाऊक नव्हते. त्याने समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.

रामराव दाराशी चपला घालत होते.

“पुढल्या साली तू आत थांब,” ते मागे न पाहता म्हणाले. “हात नको जोडू. कुठं लावायची न्हाई, तेवढं दाखव फक्त.”

देवानंदची नजर टेबलाखालच्या लोखंडी पायांकडे गेली.

“तिथं चालेल, मामा,” तो म्हणाला. “पायाला.”