भिंतीवरून उतरवलेला मधला कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, आणि त्यातही मधला. मधल्याचे हाल काय असतात ते घरातल्या मधल्या भावंडाला विचारा. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, आणि मधला कुणाच्या खिजगणतीत नाही.

राजारामपुरीतल्या दुकानातून मला गुंडाळी करून आणले तेव्हा मी कोरा आणि आरपार दिसणारा होतो. मला आणणारी स्वप्नालीताई कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या संगणक विभागात काम करते. गावोगावचे दूध, पशुखाद्य, जनावरांच्या डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळे तिथे संगणकावर चालते. वीस वर्षांची जुनी सिस्टीम जाऊन नवी यायची होती. काय कशाला जोडलेले आहे हे कुणी विसरू नये, म्हणून ताईने तीन कागदांवर तीन नकाशे काढले. पहिल्यावर लिहिले ‘आज’, तिसऱ्यावर ‘उद्या’. माझ्यावर होते मधले तीन आठवडे. त्यात नवी सुरू झालेली असणार होती, पण जुनी संपलेली नसणार होती.

दिसायला मी गबाळा, हे कबूल करतो. दोन्हीकडच्या रेघा माझ्यावर गुंतलेल्या, खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या. पण एक लाल रेघ ताईने फार जपून काढली होती. गावातल्या दूध संस्थेने डॉक्टरला बोलावण्यासाठी संगणकावर टाकलेला कॉल त्या रेघेवरून जायचा. नव्या सिस्टीममध्ये डॉक्टरांची नावे चढायला तीन आठवडे लागणार होते. म्हणून तिने शेजारी लिहिले, ‘तोवर जुनी बंद करायची नाही.’

त्याच आठवड्यात ती गारगोटीकडच्या एका गावात जाऊन आली होती. तिथल्या झुंबरबाईंचे घर एका म्हशीवर चालते, आणि म्हैस गाभण होती. झुंबरबाई तिला म्हणाल्या होत्या, “तुमचं काय नवं-जुनं ते करा बाई, पर डागदर तेवढा येळंवर यायला पायजे. गेल्या वेताला बी म्हस अडलीती.” ताई हे शेजारच्या टेबलावर सांगत होती, तेव्हा मी ऐकले.

दोन महिने मी भिंतीवर होतो. ताई रोज सकाळी मला नीट पाहायची आणि काही बदलले की खूण करायची. सर्व्हर सांभाळणारे आण्णा म्हणायचे, “ह्यो कागद हाय म्हणून माझं डोस्कं ठिकाणावर हाय.” ते माझे सुखाचे दिवस. पुढे आण्णा निवृत्त झाले.

मग उद्घाटन ठरले. विभागप्रमुख विश्वजितरावांना सगळे थाटात करायचे होते. पाहुण्यांच्या हस्ते नवी सिस्टीम सुरू करायची आणि जुन्या सर्व्हरला हार घालून त्यांच्याच हस्ते तो बंद करायचा. आदल्या दिवशी साहेब भिंतीपुढे उभे राहिले.

“हे मधलं काय लावलंय?”

“सर, जुनी अजून तीन आठवडे चालू ठेवायची आहे. डॉक्टरांचे कॉल...”

“अगं, पावणं येणार हायत. त्यास्नी आजचं दाव, उद्याचं दाव. मधला राडा कशाला? काढ त्यो.”

ताई पुन्हा बोलेल असे मला वाटले. ती बोलली नाही. नुसता हार घालतील, खरेच बंद थोडेच करतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि मला कपाटामागे टाकले. मित्रांनो, मला तिचा राग आला. अजूनही येतो.

पाहुण्यांनी खरेच बटण दाबले. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. पुढचे चार दिवस कॉल नव्या सिस्टीममध्ये नुसते नोंदले गेले; तिच्यात डॉक्टरांची नावेच नसल्याने एकही कॉल त्यांच्यापर्यंत पोचला नाही. डॉक्टर मंडळी खूश होती, सध्या काम कमी म्हणून.

पाचव्या दिवशी झुंबरबाई संघात आल्या. सोबत त्यांच्या दूध संस्थेचे सचिव पिराजी होते.

“परवा सकाळी सातला म्हस अडली,” पिराजी म्हणाले. “मी लगीच कॉल टाकला. पडद्यावर आलं, नोंद झाली. मीच म्हटलं, थांबा, येतील.”

“ह्येनं सांगितलं म्हणून थांबले,” झुंबरबाई म्हणाल्या. “दुपारपातूर रस्त्याकडं बघत बसले. न्हायतर दुसरा डागदर आणला असता की. रेडकू पोटातच मेलं. दिस मावळायला म्हस बी गेली.”

“तांत्रिक अडचण झाली, मावशी,” विश्वजितराव म्हणाले.

ताईने मला कपाटामागून ओढले आणि टेबलावर पसरले. “इथून तुमचा कॉल जायचा,” ती म्हणाली. झुंबरबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवून ते टोकापर्यंत नेले.

“म्हंजे तुमास्नी आदीच ठावं हुतं?”

“होय,” ताई म्हणाली.

जुना सर्व्हर त्याच दिवशी पुन्हा चालू केला आणि तो तीन आठवडे चालला, माझ्यावर लिहिले होते तसाच. आता नवी सिस्टीम उत्तम चालते. गावोगावच्या पशुपालकांची नावे तिच्यात चढली. झुंबरबाईंचे नाव चढवले नाही, कारण त्यांच्याकडे आता जनावर नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी जुने काढाल, नवे आणाल. जरूर आणा, जुन्याचा मला लोभ नाही. पण मधल्या दिवसांचाही एक कागद काढा. तो कितीही गबाळा दिसला तरी भिंतीवर राहू द्या. आणि कुणी ‘काढ त्यो’ म्हणाले, तर एकदा बोलून गप्प बसू नका. ताई एकदाच बोलली होती.