धक्क्याकडची बाजू

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचे स्टेअरिंग आहे, आणि माझा तुमच्यावर राग आहे. पोयनाडला सदूच्या पडवीत मी खुंटीला टांगलेले असते. शाळा सुटली की तुम्ही मला खाली काढता. एक जण मला धरून ओट्यावर बसतो, हात थरथरवतो, मान डोलावतो, आणि बाकीचे ओरडतात, "हरेश्वर आला, ताडी पिऊन आला." मग सगळे हसता. तुमच्यापैकी एकानेही हरेश्वरला पाहिलेले नाही. मी त्याच्या हातात होते. म्हणून आज खेळ बंद ठेवा आणि ऐका.

माझी कड लाकडाची आणि आरे लोखंडाचे. विलायतेच्या कारखान्यात मला घडवले, तेव्हा माझ्या लाकडात तोंड दिसावे इतकी चकाकी होती. आगबोटीने मी मुंबईत आले. तिथे मोटारीच्या सांगाड्यावर सागवानी बाके बसवली, लाल रंग दिला, आणि १९२९ साली दिनानाथशेठने ती मोटार अलिबाग ते धरमतर रस्त्यावर आणली. पहिल्या दिवशी मला झेंडूचा हार घातला होता. लोक मला बोट लावून बघत. तेवढेच काय ते माझे कौतुक.

माझ्यापासून एक दांडा खाली जातो आणि तिथून पुढच्या दोन चाकांना जोडलेला असतो. त्यामुळे पुढच्या चाकांना काही झाले की मला लगेच कळते. पण मला बोलता येत नाही. मी फक्त हलू शकते, आणि मी हलले की लोकांना मला धरणारे हात हललेले दिसतात. पुढचे सगळे त्यातूनच घडले.

मोटारीचा डायव्हर हरेश्वर गोड माणूस नव्हता, हे आधीच सांगते. तो कोणाशी धड बोलत नसे. अलिबागच्या कोळीवाड्यातली केसर सुकी मासळी घेऊन पोयनाडच्या बाजाराला जायची, आणि दोघांचे भांडण ठरलेले असायचे.

"टोपली टपावर," हा म्हणायचा.

"टपावर कशाला? ती काय कोंबडी हाय उडायला?"

"वास येतो."

"आनि तुज्या मोटारीच्या धुराला काय अत्तर लावलंय?"

टोपली टपावरच जायची. केसर पुढचा सगळा रस्ता त्याच्या मानेकडे बघत पुटपुटत राहायची. मला दोघांचाही कंटाळा येई.

दिनानाथशेठचे वैर मात्र वेगळे होते. त्या रस्त्यावर आणखी एक मोटार होती, हिरवी. धरमतरला मुंबईची बोट लागली की उतारू धक्क्यावरून वर येत आणि दोन्ही मोटारींकडे बघत. जी चकचकीत दिसे तिच्यात चढत. शेठचा हुकूम होता की आधी पोहोचायचे आणि बोट यायच्या आत मोटार धुवायची. बंदरावर गोडे पाणी प्यायलाच पुरत नसे, म्हणून मोटारीचा क्लीनर सदू खाडीत बादली बुडवी. पूर्ण मोटार धुवायला वेळ नसे. शेठ म्हणायचा, "उतारूला जी बाजू दिसते तेवढी धू. मागे कोण बघायला जातंय?"

मोटार नेहमी एकाच तऱ्हेने उभी राही. धक्क्याकडे यायची ती तिची उजवी बाजू.

हिरवीच्या पुढे राहण्यासाठी कार्ले खिंडीपासून मोटार दामटलेली असे. वळणावर ब्रेक, बैलगाडी आली की ब्रेक, बंदरात शिरताना पुन्हा ब्रेक. चाकांना हात लावू नये इतकी ती तापलेली असत. त्यांच्यावर खारे पाणी पडले की चर्र असा आवाज होऊन वाफ निघे. शेठला ती वाफ आवडे. तो छडी टेकून बघत राही आणि म्हणे, "बघा, कशी गरम आहे आमची मोटार." मग बोट येईपर्यंत मोटार तशीच ओली उभी असायची.

काही महिन्यांनी मला पहिला झटका जाणवला. मोकळ्या रस्त्यावर मी शांत असे. हरेश्वरने ब्रेक दाबला की थरथरू लागे. मोटार जोरात असली की थरथर भराभर येई, वेग उतरला की झटके लांब लांब पडत, मोटार थांबली की संपत. त्याने शेठला दोनदा सांगितले. शेठ म्हणाला, "हात घट्ट धर."

तिसऱ्यांदा सांगायची वेळ खिंडीनेच आणली. पोयनाडकडच्या उतारावर समोरून बैल आडवा आला. हरेश्वरने ब्रेक दाबला आणि मी त्याच्या हातांतून निसटल्यासारखे उजवीकडे ओढले गेले. मोटार कठड्याला घासून थांबली. माणसे वाचली. टपावरची केसरची टोपली मात्र दोरी तुटून झाडीत गेली, आणि बोंबील उतारभर पसरले. पुढच्या बाकावरच्या माणसांनी एवढेच पाहिले होते की डायव्हरचे हात लटलट कापत होते.

धरमतरच्या धक्क्यावर बोटीचे उतारू उभे असताना शेठ मोठ्याने म्हणाला, "हा बघा, पिऊन मोटार हाकतो. हात बघा याचे."

हरेश्वरचे हात त्या वेळी खरेच कापत होते. तसे म्हटल्यावर कोणाचे कापणार नाहीत?

"पोलिसांत कळवतो. तुझा परवानाच जाईल. पुन्हा हातात चाक येणार नाही."

"शेठ, मी प्यालो असलो तर हात ब्रेक दाबल्यावरच कसे कापतात? भोंगा वाजवताना का न्हाय कापत?"

"मला अक्कल शिकवू नकोस."

"शिकवत न्हाय. शेजारी बसा. चाक तुम्ही धरा, पाय माझे. मग काय ते पोलिसांना सांगा."

शेठ मागे सरला. पण सगळे बघत होते, त्यामुळे त्याला चढावे लागले. टोपली गेल्यामुळे पोयनाडला न उतरता इथवर आलेली केसरही मागून चढली.

"तू कुठे?" हरेश्वर म्हणाला.

"माजी टोपली तू पाडलीस. बगते तर खरी, कोन प्यालाय तो."

मिठागरांमधून जाणारा सरळ रस्ता होता. शेठ हरेश्वरला खेटून बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी धरले. हरेश्वरने आपले हात मांडीवर ठेवले. मोटार पळू लागली, मी शांत होते. मग त्याने ब्रेक दाबला.

मी मनापासून थरथरले, मित्रांनो. शेठच्या अंगठ्या माझ्या लाकडावर खडखड वाजल्या. वेग उतरत गेला तसे झटके लांबत गेले, आणि प्रत्येक झटक्याला शेठचे कोपर हरेश्वरच्या बरगडीत बसत होते.

मागून केसरने विचारले, "शेट, सकालीच घेतली का?"

हरेश्वर हसला नाही. त्याने पुन्हा वेग घेतला, आणि या खेपेस पायाचा ब्रेक न दाबता हाताचा ब्रेक ओढला. तो ब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मोटार हळूहळू थांबली. मी जरासुद्धा हलले नाही.

"म्हणजे मागची चाकं बरी हायेत," तो म्हणाला. "खोड पुढच्यांत हाय."

बंदरावर आल्यावर त्याने डावे पुढचे चाक जॅकवर उचलले. सदूला ब्रेक अगदी हलका दाबून धरायला सांगितला आणि चाक हाताने फिरवले. ते थोडे जड, पण सारखे फिरले. मग उजवे उचलले. ते फिरता फिरता अडले. जोर लावल्यावर सुटले, आणि एक फेरा होताच पुन्हा अडले. हरेश्वरने टायरवर खडूची खूण केली. चाक प्रत्येक वेळी खूण वर आली की अडत होते.

त्याने चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडला. ड्रम म्हणजे चाकाच्या पोटातला लोखंडी डबा. आतून दोन पट्ट्या त्याला दाबल्या की चाक थांबते. तो डबा अगदी गोल असला तरच पकड सारखी बसते. हा गोल राहिला नव्हता. तापलेल्या लोखंडावर एकाच अंगाने गार पाणी पडून तो वाकला होता, आणि आत साचलेल्या खाऱ्या पाण्याने त्याला एका जागी खड्डे पडले होते.

"उजवाच कसा खाल्ला?" केसरने विचारले.

सदूने हातातली बादली खाली ठेवली. "उजवीच बाजू धुतो ना आपन," तो म्हणाला.

शेठ त्याच्यावर उखडला. "तापल्या चाकावर पाणी टाकायला तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच. वाफ बगायला उबे पन असायचे."

ड्रम मुंबईहून नवा आला. हरेश्वरने तो बसवला, उतारावर मोटार नेऊन पाहिली, आणि मी शांत राहिल्यावरच परत आणली. मग तो शेठला म्हणाला, "जिथं मला दारुडा म्हणालात, तिथंच न्हाय म्हणून सांगा. बोट लागली की."

"नोकरी आहे, परवाना आहे. आणखी काय हवंय? उतारूंसमोर मी माझंच तोंड काळं करू?"

हरेश्वरने माझ्यावर हात टेकला, खाली उतरला, आणि त्याच आठवड्यात हिरव्या मोटारीवर गेला. धक्क्यावर ते बोलली ती केसर. रिकामी टोपली कमरेवर घेऊन ती बोटीसमोर उभी राहिली. "ऐका रे, ह्यो हरेश्वर पीत न्हाय. दारूचा वास मना कलतो, माजा दादला रोज पितो. ह्यो नुसता खडूस हाय." हरेश्वरने ते ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी तिची टोपली हिरव्या मोटारीच्याही टपावरच टाकली.

पण त्या दिवशी धक्क्यावर होते तेवढ्यांनीच ते ऐकले. आधीच्या बोटीचे उतारू शेठचे बोलणे घेऊन गावोगाव गेले होते. तेच तुमच्यापर्यंत पोहोचले आहे.

आणि शेठने धुणे बंद केले असेल, असे वाटते तुम्हाला? उजवी बाजू गंजते म्हणून त्याने मोटार उलटी उभी करायला लावली. आता धक्क्याकडे डावी बाजू येऊ लागली. पावसाळ्यानंतर मी पुन्हा थरथरले, या खेपेस डावीकडे ओढत. नव्या डायव्हरचे नाव अनंता होते. तो गाडीला हात लावण्याआधी पूजा करायचा. धक्क्यावर त्यालाही दारुडा म्हटले गेले, आणि त्याच्याजवळ ना खडू होता ना केसर. तो गेला. मोटार मोडीत निघाली तेव्हा मला कोणी घेईना. सदूने मला उचलून आणले. का, ते त्याने कधी सांगितले नाही, पण माझ्यासमोरून जाताना तो वर बघत नाही.

मित्रांनो, कोणाचे हात थरथरताना दिसले तर त्याने काय धरले आहे ते आधी बघा. ते कधी थरथरते, कधी थांबते, हे तपासा. चाक उचला, फिरवा, खूण करा. तेवढे कष्ट नको असतील तर निदान गप्प बसा.

आणि मला खुंटीवरून काढून खेळायचेच असेल, तर हरेश्वर होणाऱ्याने हात स्थिर ठेवावेत. नक्कल दिनानाथशेठची करा. त्याला बादली लागेल. ती पडवीतच आहे, माझ्याच खाली.